सुपरनेटंटमध्ये सापडलेलं प्रोटीन खरंच स्रवलेलं आहे, हे कसं ठरवायचं?

पेरिप्लाझम (धागाकर्ता)

कल्चर सेंट्रिफ्यूज केलं, वरचा द्रव घेतला, त्यातलं प्रोटीन साकळवलं, ब्लॉट (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) केला, बँड आला. तेवढ्यावरून "जिवाणू हे प्रोटीन स्रवतो" असं लिहिलं जातं. बँड मात्र इतकंच सांगतो की प्रोटीन पेशीबाहेर होतं. ते बाहेर गेलं कसं, यावर तो मुका असतो. पेशी फुटली असेल, बाह्यपटल गळकं असेल, बाह्यपटलाचे फुगे सुटले असतील, किंवा एखाद्या स्रावयंत्रणेने ते खरोखर बाहेर ढकललं असेल. या चार शक्यता एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या, यासाठी हा धागा. ज्यांचा या प्रयोगांवर हात बसला आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं ही विनंती.

आधी रचना, कारण कप्पे नीट कळल्याशिवाय कंट्रोल ठरवता येत नाहीत. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं. आंतरपटल हे फॉस्फोलिपिडांचं नेहमीचं दुपदरी पटल. बाह्यपटलाचे दोन पदर मात्र सारखे नाहीत: आतल्या पदरात फॉस्फोलिपिडं, बाहेरच्या पदरात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. एका पेशीवर त्याचे दहा लाखांच्या घरात रेणू असतात आणि शेजारच्या रेणूंचे ऋण भार मॅग्नेशियम व कॅल्शियमने एकत्र धरून ठेवलेले असतात. हे धातू पकडून ठेवणारं ईडीटीए टाकल्यावर बाह्यपटल ढिलं पडतं ते यामुळेच. दोन पटलांमध्ये सुमारे २५ नॅनोमीटरचा पेरिप्लाझम आणि त्यात पेप्टिडोग्लायकनची पातळ जाळी. बाह्यपटल त्या जाळीला बांधून ठेवण्याचं काम मुख्यतः ब्राउन लिपोप्रोटीन करतं: ५८ अमिनो आम्लांचा लहानसा रेणू, एक टोक बाह्यपटलात रुतलेलं, दुसऱ्या टोकाचं लायसिन जाळीला जोडलेलं. हा रेणू लांब केला की पेरिप्लाझमही रुंदावतो, हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं.

पेरिप्लाझममध्ये एटीपी नसतं. म्हणून बाह्यपटल बांधण्याची सगळी कामं एकतर पेशीद्रवातल्या एटीपीच्या जोरावर ढकलून होतात, नाहीतर प्रोटीनच्या घडीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर. एलपीएस आंतरपटलात तयार होतं, एमएसबीए हे प्रोटीन ते पलटवतं, आणि पुढे एलपीटी ए ते जी अशी सात प्रोटीनं दोन पटलांमध्ये पूल बांधून त्याला बाहेरच्या पदरात नेतात. पिंपाच्या आकाराची बाह्यपटल-प्रोटीनं सेक मार्गाने (आंतरपटल ओलांडण्याची नेहमीची वाट) उलगडलेल्या अवस्थेत पेरिप्लाझममध्ये येतात, सुर-ए त्यांना सांभाळून नेतं आणि बॅम संकुल त्यांची घडी घालून पटलात बसवतं. लिपोप्रोटीनांसाठी (चरबीची साखळी जोडलेली प्रोटीनं) लोल मार्ग.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की यातल्या कुठल्याही टप्प्याला धक्का लागला तर बाह्यपटल गळायला लागतं. आणि पुष्कळ "स्राव-म्यूटंट" (जीन बिघडवलेले जिवाणू) हे प्रत्यक्षात कवचाचे म्यूटंट असतात.

---

अपकेंद्री

फार गरजेचा धागा. सुपरनेटंट तयार करण्याची माझी पद्धत देतो, चुका कुठे होतात त्यासह.

१. कल्चर वाढीच्या मधल्या टप्प्यात घ्या, ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरचा गढूळपणा) ०.६ ते १.० असताना. रात्रभर वाढवलेल्या कल्चरमध्ये मेलेल्या पेशींचा गाळ असतो, त्यावर कुठलाही निष्कर्ष उभा राहत नाही.

२. ४ अंशांना ५,००० ते ६,००० जी, १० मिनिटं. घाई म्हणून जास्त वेग लावू नका, दाबाने पेशींच्या पृष्ठभागावरचं सैल प्रोटीन निघून येतं. रोगकारक जिवाणू असेल तर झाकणबंद रोटर, आणि नळ्या जैवसुरक्षा कपाटातच उघडायच्या.

३. वरचा दोन-तृतीयांश द्रवच घ्या. तळाशी पिपेट नेली की पेशी येतातच. मग पुन्हा एकदा सेंट्रिफ्यूज, आणि त्यानंतर ०.२२ मायक्रॉनचं फिल्टर. फिल्टर पीईएस किंवा कमी-बंधक पीव्हीडीएफचं घ्या. नायट्रोसेल्युलोजचं फिल्टर विरळ प्रोटीन स्वतःच धरून ठेवतं आणि "स्राव नाही" असा खोटा निकाल हाती येतो.

४. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल अंतिम १० टक्के, बर्फावर किमान ३० मिनिटं. प्रोटीन फार विरळ असेल तर आधी ०.०२ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेट मिसळा, साका नीट बसतो. १५,००० जी, १५ मिनिटं, ४ अंश.

५. बर्फासारख्या थंड ॲसिटोनने दोनदा धुवा. साका दिसत नसला तरी आहे असं समजून नळीची बाहेरची भिंत आधीच खूण करून ठेवा आणि त्या बाजूला पिपेट नेऊ नका. वाळवताना अति करू नका, पूर्ण सुकून कडक झालेला साका नमुना-बफरमध्ये विरघळत नाही.

६. बफर टाकल्यावर रंग पिवळा झाला तर आम्ल उरलेलं आहे. १ मोलर ट्रिस, पीएच ८.८ चा, एकेक मायक्रोलिटर टाकत निळा होईपर्यंत थांबा. पिवळा नमुना तसाच चालवला तर लेन वेडीवाकडी होते.

माध्यमाचाही विचार करा. मेंदू-हृदय अर्काच्या माध्यमात स्वतःचंच इतकं प्रोटीन असतं की जेलवर धुरकट पट्टा येतो. शक्य असेल तिथे किमान घटकांचं माध्यम वापरा. आणि पेशी न टाकलेलं नुसतं माध्यम याच सहा पायऱ्यांतून काढून एक लेन त्याची ठेवा.

---

बारीक_बँड

एक नेहमीची अडचण मांडतो. मूळ जिवाणूत सुपरनेटंटचा बँड ठळक येतो. स्रावयंत्रणेचं एटीपीएझ (तिला ऊर्जा पुरवणारा भाग) काढलेल्या म्यूटंटमध्ये तो पुसट होतो, पण जात नाही. पेशींच्या लेनमध्ये दोन्हीकडे सारखाच. हा पुसट बँड गळतीचा मानायचा की दुसऱ्या मार्गाने होणाऱ्या स्रावाचा?

---

दुहेरी_पटल

@बारीक_बँड, एकट्या त्या ब्लॉटवरून दोन्ही शक्यता उघड्या राहतात. त्याच पडद्यावर प्रत्येक कप्प्याचा एक साक्षीदार, म्हणजे एरवी त्याच कप्प्यात राहणारं प्रोटीन, लागतो. पेशीद्रवासाठी ग्रोईएल किंवा आरएनए पॉलिमरेझ, पेरिप्लाझमसाठी माल्टोज-बंधक प्रोटीन किंवा बीटा-लॅक्टमेझ, आंतरपटलासाठी सेक-वाय, बाह्यपटलासाठी ओम्प-ए किंवा बॅम-ए. सुपरनेटंटच्या लेनमध्ये यांपैकी कोण दिसतं त्यावरून गळतीची जागा कळते. पेशीद्रवाचा साक्षीदार दिसला तर पेशी फुटल्या. फक्त पेरिप्लाझमचा दिसला तर बाह्यपटल गळतंय. फक्त बाह्यपटलाचा दिसला तर फुगे.

इथे एक बारकावा पुष्कळदा सुटतो. साक्षीदाराचं आकारमान तुमच्या प्रोटीनच्या जवळपासचं हवं. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हा ४६५ किलोडाल्टनचा चौपदरी रेणू आहे. तो बाहेर आला नाही म्हणून १५ किलोडाल्टनचं प्रोटीन गळलं नसेल असं म्हणता येत नाही, लहान भोकातून लहान रेणूच जातात. तुमचं प्रोटीन लहान असेल तर थायोरेडॉक्सिनसारखा १२ किलोडाल्टनचा साक्षीदारही लावा.

दुसरी गोष्ट, वेळेचा आलेख काढा. पेशी हलक्या हाताने धुऊन ताज्या, कोमट माध्यमात घाला आणि ०, १५, ३०, ६० मिनिटांना नमुने घ्या. चालू यंत्रणा असेल तर सुपरनेटंटमधलं प्रोटीन वेळेबरोबर वाढतं आणि साक्षीदार होता तिथेच राहतो. दोन्ही बरोबरीने वाढले तर ती गळती. शून्य मिनिटालाच बँड असेल आणि पुढे वाढतच नसेल, तर तो धुण्यात उरलेला जुना माल.

---

बारीक_बँड

हे उपयोगी आहे. पण साक्षीदारही अगदी पुसट दिसतो, आणि तोही दोन्हीकडे. मग?

---

दुहेरी_पटल

मग प्रमाण मोजा. सुपरनेटंटमधला साक्षीदार एकूण साक्षीदाराच्या किती टक्के आहे, आणि तुमचं प्रोटीन त्याच्या एकूणाच्या किती टक्के आहे. म्यूटंटमध्ये साक्षीदार १ टक्का आणि प्रोटीनही १ टक्काच बाहेर असेल, तर तो पुसट बँड फुटलेल्या पेशींचा आहे. साक्षीदार १ आणि प्रोटीन १० असेल तर दुसरा मार्ग शोधायला जागा आहे. यासाठी पेशींच्या नमुन्याचे १, २, ५, १० टक्के असे पायरीपायरीचे डोस त्याच जेलवर लावावे लागतात. नुसत्या डोळ्यांनी दोन लेनची तुलना करू नका, ठळक बँडला ब्लॉटचा सिग्नल लवकर छताला टेकतो आणि फरक प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

---

सेक_वाय

गळती मोजण्याच्या स्वतंत्र चाचण्या जोडतो. प्रोटीनचा विचार बाजूला ठेवून आधी कवचच तपासायचं.

एनपीएन हा पाण्यात न चमकणारा, चरबीत चमकणारा रंग: १० मायक्रोमोलर, उद्दीपन ३५० नॅनोमीटर, उत्सर्जन ४२०. धड बाह्यपटल त्याला अडवतं, गळकं असेल तर चमक वाढते. मात्र एनपीएन ई. कोलायच्या टॉल-सीवाल्या (टॉल-सी ही बाह्यपटलातली नळी) पंपांतून बाहेरही फेकला जातो. म्हणून टॉल-सी काढलेल्या म्यूटंटमध्ये बाह्यपटल शाबूत असूनही चमक वाढू शकते. हिमोलायसिनसारख्या टाइप-१ स्रावावर (स्रावयंत्रणांचे प्रकार असे क्रमांकाने ओळखतात) काम करणाऱ्यांचा नेमका कंट्रोल म्यूटंट हाच असतो, त्यामुळे तिथे या चाचणीवर विसंबू नका.

नायट्रोसेफिन हा बीटा-लॅक्टमेझचा पिवळा पदार्थ, तुटला की लाल होतो, ४८६ नॅनोमीटरला मोजा. फिल्टर केलेल्या सुपरनेटंटमधली क्रिया भागिले पेशी फोडून मिळालेली एकूण क्रिया, हा पेरिप्लाझमच्या गळतीचा सरळ आकडा आहे. स्वस्त आणि ब्लॉटपेक्षा संवेदनशील.

आगरवर करायचं असेल तर सीपीआरजी. लॅक-झेड (बीटा-गॅलॅक्टोसिडेझचं जीन) असलेल्या पेशींत हा पिवळा रंग आतपर्यंत पोहोचत नाही, कवच बिघडलं की वसाहती लाल होतात. मात्र पेशी फुटूनही लाल होतात, म्हणजे बिघाड आहे हे कळतं, कुठल्या पटलात हे नाही.

व्हँकोमायसिनची डिस्क विसरू नका. सुमारे १,४५० डाल्टनचा हा रेणू धड बाह्यपटलातून जात नाही. ई. कोलायच्या म्यूटंटभोवती वर्तुळ पडलं तर स्रावाचे सगळे निकाल आधी बाजूला ठेवा.

---

अपकेंद्री

फुग्यांबद्दल. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू बाह्यपटलाचे फुगे सतत सोडत असतात आणि ते ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आरामात जातात. म्हणून फिल्टर केलेला सुपरनेटंट १,५०,००० जीला दोन ते तीन तास फिरवा. विरघळलेलं प्रोटीन वर राहतं, फुगे खाली बसतात. पण खाली बसलं ते सगळं फुगेच असं नाही: फ्लॅजेलाचे (पोहण्याच्या शेपट्या) तुकडे, पिली (पृष्ठभागावरचे केस), साकळलेलं प्रोटीनही बसतं. खात्री हवी असेल तर तो साका आयोडिक्सॅनॉलच्या उतारात तळाशी घालून वर तरंगू द्या. लिपिडवाले फुगे वर येतात, साकळलेलं प्रोटीन खालीच राहतं.

फ्लॅजेलाचा वेगळा उल्लेख करायला हवा. साल्मोनेलाच्या सुपरनेटंटमध्ये ५० किलोडाल्टनच्या आसपास जो भला मोठा बँड असतो तो बहुतेक वेळा फ्लॅजेलिनचा. शिवाय फ्लॅजेलाची निर्यातयंत्रणा ही टाइप-३ स्रावयंत्रणेची सख्खी नातेवाईक आहे, आणि इंजेक्टिसोमचं (टाइप-३ ची सुईसारखी रचना) काही प्रोटीन चुकून फ्लॅजेलाच्या वाटेनेही बाहेर जातं. @बारीक_बँड, तुमची यंत्रणा टाइप-३ असेल तर फ्लॅजेला नसलेल्या पार्श्वभूमीवर म्यूटंट बनवून बघा. उरलेला पुसट बँड तिथे जाण्याची शक्यता बरीच आहे.

---

पेरिप्लाझम

आता कप्पे वेगळे करण्याकडे येतो. पेरिप्लाझम काढायच्या दोन रीती आहेत.

पहिली ऑस्मोटिक धक्क्याची, न्यू आणि हेपेल यांनी १९६५ मध्ये दिलेली. पेशी ३० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, २० टक्के सुक्रोज, १ मिलिमोलर ईडीटीएमध्ये १० मिनिटं, खोलीच्या तापमानाला. सेंट्रिफ्यूज करून सगळा द्रव काढून टाका, मग पेशी ५ मिलिमोलर थंडगार मॅग्नेशियम सल्फेटमध्ये एका झटक्यात मिसळा. हा झटका महत्त्वाचा आहे. हळूहळू मिसळलं तर धक्का बसतच नाही आणि उतारा निम्म्यावर येतो. बर्फावर १० मिनिटं, पुन्हा सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव म्हणजे पेरिप्लाझम. दोष असा की धक्क्याने आंतरपटलातल्या यांत्रिक वाहिन्या उघडतात आणि थायोरेडॉक्सिन, ईएफ-टीयू यांसारखी पेशीद्रवातली प्रोटीनंही थोडी बाहेर येतात. म्हणून या पद्धतीत ईएफ-टीयू हा पेशीद्रवाचा साक्षीदार म्हणून धरू नका.

दुसरी स्फेरोप्लास्टची. २०० मिलिमोलर ट्रिस पीएच ८, ०.५ मोलर सुक्रोज, ०.५ मिलिमोलर ईडीटीए, लायसोझाइम ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, बर्फावर ३० मिनिटं. मग २० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड टाकून स्थिर करा. व्हॉर्टेक्स अजिबात नाही, नळी हातानेच उलटी-सुलटी करायची. सूक्ष्मदर्शकाखाली दांडके गोल झालेले दिसले पाहिजेत. ९० टक्क्यांहून कमी गोल असतील तर पुढे जाऊ नका. जुन्या, स्थिर टप्प्यातल्या पेशींवर लायसोझाइम नीट चालत नाही, ताज्याच पेशी घ्या.

पटलांसाठी पेशी दाबाने किंवा ध्वनिलहरींनी फोडा, न फुटलेल्या पेशी ८,००० जीला १० मिनिटांत काढून टाका (ही पायरी गाळली की "पटलात" सगळंच सापडतं), आणि वरचा द्रव १,००,००० जीला तासभर. साका म्हणजे दोन्ही पटलं एकत्र. त्यावर १ टक्का सार्कोसिल (डिटर्जंट), खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं, पुन्हा १,००,००० जी. आंतरपटल विरघळून वर, बाह्यपटल खाली.

---

दुहेरी_पटल

सार्कोसिलबाबत मी थोडा कडक आहे. पहिल्या अंदाजासाठी ठीक, पण "सार्कोसिलमध्ये विरघळलं नाही म्हणून बाह्यपटलातलं" हा निष्कर्ष छापील निबंधांतही दिसतो आणि तो चूक आहे. मोठी संकुलं, विशेषतः स्रावयंत्रणांची आंतरपटलातली कडी, सार्कोसिलला दाद देत नाहीत आणि खाली बसतात. साकळलेलं प्रोटीनही खाली बसतं. उलट बाह्यपटलातली काही लिपोप्रोटीनं विरघळून वर येतात. ट्रायटन एक्स-१०० चीही हीच गत, आणि तिथे मॅग्नेशियमवर सगळं अवलंबून: मॅग्नेशियम असताना बाह्यपटल टिकतं, ईडीटीए असताना तेही विरघळतं.

स्रावयंत्रणेच्या भागांची जागा सांगायची असेल तर सुक्रोजचा उतार लावा. तळाशी ७३ टक्के, मध्ये ५३, वर २०, आणि नमुना २० टक्क्यांच्या थरात. ४ अंशांना १,००,००० जीच्या वर किमान १६ तास. २० आणि ५३ च्या सीमेवर आंतरपटल, पिवळसर तपकिरी. ५३ आणि ७३ च्या सीमेवर बाह्यपटल, पांढरट. घनता अनुक्रमे सुमारे १.१५ आणि १.२२. बफरमध्ये ईडीटीए ठेवा. मॅग्नेशियम असेल तर दोन्ही पटलं एकमेकांना चिकटतात आणि मधेच एक धूसर पट्टा बसतो. आंतरपटलाची खूण एनएडीएच ऑक्सिडेझ, ३४० नॅनोमीटरला उतरता आलेख. बाह्यपटलाची खूण केडीओ, एलपीएसमधली साखर. कवचाच्या म्यूटंटमध्ये एलपीएस आणि फॉस्फोलिपिडांचं प्रमाण बदललं तर बाह्यपटलाची घनताही बदलते, म्हणून मूळ जिवाणूच्या उताराची खूण म्यूटंटला आंधळेपणाने लावू नका.

नमुना उकळण्याबद्दलही लिहायलाच हवं. सेक-वायसारखी अनेकदा पटल ओलांडणारी प्रोटीनं ९५ अंशांना गुठळी होऊन जेलच्या तोंडाशी अडकतात, आणि बँड गायब दिसतो. ती ३७ अंशांना ३० मिनिटं तापवा. बाह्यपटलाच्या पिंपांचं उलट आहे, ती न उकळता एसडीएसमध्येही घडी सोडत नाहीत. ओम्प-ए न उकळता ३० किलोडाल्टनच्या आसपास धावतं, उकळल्यावर ३५ ला. याचा फायदा करून घ्या: एकच नमुना दोन भागांत, एक उकळलेला, एक न उकळलेला. बॅममध्ये बिघाड असेल तर न उकळलेल्या नमुन्यातही ३५ चा बँड, म्हणजे घडी न पडलेलं ओम्प-ए दिसतं. एलपीटी-डीसाठी मर्कॅप्टोइथेनॉलशिवाय जेल चालवा. त्याची कामाची अवस्था डायसल्फाइड बंधांनी बांधलेली असते आणि ती वर धावते. मर्कॅप्टोइथेनॉल टाकलं की हा फरकच पुसला जातो.

---

पेरिप्लाझम

@दुहेरी_पटल, सार्कोसिलची दुरुस्ती मान्य. माझ्या पायऱ्यांत ती पहिला अंदाज म्हणूनच धरावी.

---

सेक_वाय

प्रोटीन पृष्ठभागावर आहे का, हे प्रोटिनेझ के या प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमने तपासतात. अखंड पेशींवर ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, बर्फावर ३० मिनिटं. तीन नळ्या लागतात: एन्झाइमशिवाय, एन्झाइमसह, आणि पेशी फोडून एन्झाइमसह. तिसरी नळी गाळली तर "तुटलं नाही" याचा अर्थ लागत नाही, कारण काही प्रोटीनं मुळातच तुटत नाहीत. ओम्प-ए इथेही कामाला येतं. त्याचा पेरिप्लाझममधला भाग आत सुरक्षित असतो. पेशी शाबूत असतील तर ३५ चा बँड तसाच राहतो. तो २४ किलोडाल्टनच्या आसपास उतरला तर एन्झाइम पेरिप्लाझममध्ये शिरलं आहे आणि प्रयोग रद्द.

थांबवताना सर्वाधिक चुका होतात. एन्झाइम रोखणारं पीएमएसएफ पाण्यात, विशेषतः पीएच ८ ला, झपाट्याने निकामी होतं. ताजंच घाला. प्रोटिनेझ के एसडीएसमध्येही चालू राहतं, त्यामुळे थेट नमुना-बफर ओतून उकळायला ठेवलं तर तापता तापता ते सगळं खाऊन टाकतं. आधी पीएमएसएफ, मग लगेच ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल, मग बफर.

---

बारीक_बँड

टॅगबद्दल (प्रोटीनला जोडायची ओळखखूण) कोणी लिहील का? अँटिबॉडी नसेल तर टॅगशिवाय पर्याय नसतो.

---

सेक_वाय

टॅग कुठे लावायचा हे यंत्रणेवर ठरतं. सेक आणि टॅट (घडी पडलेलं प्रोटीन आंतरपटलापार नेणारी वाट) दोन्हींचे संकेत एन टोकाला असतात, तिथे टॅग लावला की निर्यात बंद. टाइप-३ चा संकेतही एन टोकालाच, साधारण पहिली २० अमिनो आम्लं, पण तो कापला जात नाही. टाइप-१ मध्ये हिमोलायसिनचा संकेत सी टोकाला, सुमारे ६० अमिनो आम्लांचा, म्हणून तिथे सी टोक सोडा. ऑटोट्रान्सपोर्टर आणि बाह्यपटलाच्या पिंपांतही सी टोकाचा शेवटचा पट्टा बॅम ओळखतं, त्यात बहुधा शेवटी फेनिलॲलनिन असतं. तिथे टॅग लावायचा तर बाहेर डोकावणाऱ्या वळणात.

लिपोप्रोटीन असेल तर कापल्यानंतरच्या सिस्टिनला हात नाही, आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे दुसऱ्या जागेवर ॲस्पार्टेट येऊ देऊ नका. ई. कोलायमध्ये तिथे ॲस्पार्टेट असलं की लोल त्याला उचलत नाही आणि प्रोटीन आंतरपटलातच राहतं. क्लोनिंगच्या सोयीसाठी घातलेल्या दोन अमिनो आम्लांनी पूर्ण निकाल उलटा होऊ शकतो.

साधं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) सेकमधून उलगडून गेलं तर पेरिप्लाझममध्ये चमकत नाही, त्यामुळे "चमक नाही" म्हणजे "निर्यात नाही" असं होत नाही. एमचेरी चमकतं. टॅटमधून घडी पडलेलं जीएफपी जातं आणि चमकतं. टाइप-३ ला जीएफपी जोडू नका, त्याची घट्ट घडी सुईच्या तोंडाशी अडकते आणि अख्खी यंत्रणा तुंबते. तिथे बीटा-लॅक्टमेझ किंवा ॲडेनिलेट सायक्लेझची जोड वापरतात. सायक्लेझला कॅल्मोड्युलिन लागतं, जे जिवाणूत नसतं, त्यामुळे सिग्नल यजमान पेशीत पोहोचल्यावरच येतो.

आणि प्लाझमिडवरून अति प्रमाणात बनवू नका. सेक तुंबलं की संकेतासकटचं प्रोटीन पेशीद्रवात साठतं, ब्लॉटवर खऱ्या बँडच्या दोन-तीन किलोडाल्टन वर जोडबँड दिसतो. तो जोडबँड दिसला तर प्रेरकाची मात्रा दहापट कमी करा. सोडियम अझाइड २ ते ३ मिलिमोलर थोड्या वेळासाठी घालून सेक-ए रोखला तर वरचा बँड वाढतो. तो संकेतवालाच आहे याची ही सोपी खूण.

---

मायकोलिक

बाह्यपटलाचं नेहमीचं गणित नसलेल्या जिवाणूंबद्दल चार ओळी.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये पृष्ठभागावरची पुष्कळ प्रोटीनं सॉर्टेझ-ए हे एन्झाइम भिंतीला जोडतं. एलपीएक्सटीजी या खुणेत थ्रिओनिन आणि ग्लायसिनच्या मध्ये काप पडतो. भिंतीतली प्रोटीनं सोडवायला लायसोस्टॅफिन, ते पाच ग्लायसिनचा पूल कापतं, आणि पेशी फुटू नयेत म्हणून रॅफिनोज किंवा सुक्रोजचं घट्ट द्रावण. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे प्रोटीन-ए अँटिबॉडीच्या मागच्या भागाला धरतं, एसबीआय हे दुसरं प्रोटीनही तेच करतं. सशाची अँटिबॉडी लावून ब्लॉट केला की खरा बँड असो-नसो, काही ना काही चमकतंच. ही दोन्ही प्रोटीनं नसलेला म्यूटंट वापरा किंवा कोंबडीची अँटिबॉडी घ्या.

मायकोबॅक्टेरियात टाइप-७, म्हणजे ईएसएक्स यंत्रणा. कल्चर गुठळ्या होऊ नये म्हणून ट्वीन-८० हा डिटर्जंट घालायची सवय असते, पण ट्वीन बाहेरचा कॅप्सूलचा थर सोलून काढतं आणि तिथलं प्रोटीन "स्रवलेलं" दिसतं. स्रावाच्या टप्प्याआधी पेशी धुऊन ट्वीनशिवायच्या माध्यमात न्या. या यंत्रणेतून स्रवणारं ईसॅट-६ फक्त १० किलोडाल्टनच्या आसपासचं आहे: ट्रायसिन जेल, ०.२ मायक्रॉनचा पडदा, आणि द्रव घट्ट करायचा तर ३ किलोडाल्टनची गाळणी, नाहीतर प्रोटीन गाळणीतून वाहून जातं. पेशी फुटल्याचा साक्षीदार ग्रोईएल-२. नकारात्मक कंट्रोल म्हणून बीसीजी हाताशी असतंच, लस बनताना आरडी-१ हा तुकडा त्यातून गेला आहे आणि ईसॅट-६ चं जीन त्याच तुकड्यात होतं.

---

पेरिप्लाझम

@मायकोलिक, ट्वीनचा मुद्दा मनापासून आवडला. कवच आणि स्राव एकाच प्रयोगात कसे गुंतलेले असतात याचं ते नेमकं उदाहरण आहे.

या गुंत्याला औषधांची बाजूही आहे. बॅम-ए चं जातभाई प्रोटीन बाह्यपटल बांधण्यासाठी लागतं हे निसेरिया मेनिंजायटिडिसमध्ये २००३ साली दाखवलं गेलं. २०१९ मध्ये वर्णिलेलं डॅरोबॅक्टिन हे प्रतिजैविक त्याच बॅम-ए ला बांधतं. झोसुरबाल्पिन ॲसिनेटोबॅक्टरचं एलपीएस वाहून नेणारं आंतरपटलातलं एलपीटी संकुल अडवतं. असं एखादं संयुग देऊन "स्राव थांबला" म्हणायचं असेल तर वर लिहिलेले सगळे कंट्रोल आणखी कडक लावावे लागतात. कारण बॅम अडवलं की स्रावयंत्रणेचं बाहेरचं दार कमी बसतं, आणि त्याच वेळी बाह्यपटल गळूही लागतं. एकाच ब्लॉटवर स्राव घटतो आणि गळती वाढते, बेरीज सारखीच दिसू शकते.

---

बारीक_बँड

शेवटचा प्रश्न. सुपरनेटंट आणि पेशींच्या लेनमध्ये नमुना किती भरायचा? "समान प्रोटीन" भरावं का?

---

अपकेंद्री

समान प्रोटीन भरू नका. सुपरनेटंटमध्ये एकूण प्रोटीन इतकं कमी असतं की समान वजन भरायचं तर तो शंभरपट कल्चरचा होतो, आणि नगण्य गळतीही ठळक बँड बनते. ओडीच्या हिशोबाने भरा: सुपरनेटंट १ ओडी-मिलिलिटर पेशींइतका, पेशी ०.१ ओडी-मिलिलिटर, आणि हे दहापटीचं गुणोत्तर आकृतीखाली स्पष्ट लिहा. येर्सिनियासारख्या जिवाणूत कॅल्शियम काढून ३७ अंशांना स्राव सुरू केला की वाढ मंदावते, त्यामुळे दोन स्थितींतली ओडी वेगळी असते. प्रत्येक नळीची ओडी काढणीच्या क्षणी मोजा, सुरुवातीची धरू नका.

साकळवण्यात प्रत्येक नळीत थोडंफार प्रोटीन वाया जातं. आम्ल घालण्याआधी सगळ्या सुपरनेटंटमध्ये तुमच्या प्रोटीनहून वेगळ्या वजनाचं एखादं शुद्ध प्रोटीन समान मात्रेत मिसळा. त्याचा बँड सगळ्या लेनमध्ये सारखा आला तरच बाकीच्या बँडची तुलना करा.